मोजा

पहाटे साडेचारला ग्युम्रीचे रस्ते काचेचे असतात.
मी भिंतीला धरत धरत बेकरीत आले
आणि पिठाच्या पोत्यावर अशी दुमडले
की सिरानुशने विचारलंसुद्धा नाही काय झालं.
एवढंच म्हणाली, "एक दिवस आधी आलीस, न्वार्द."
म्हटलं, रोज याच वेळेला तर येते.
ती हसली नाही. लाकडं आत टाकायला वाकली.

आमची चूल जमिनीत असते. तोनीर म्हणतात तिला,
विहिरीसारखी खोल, पाण्याच्या जागी निखारे.
काठाशी चौघी बसतो.
सिरानुश गोळे करते, झाबेल लाटते,
मी उशीवर ताणून आतल्या भिंतीला थापते,
अर्पेनिक आकडीने ओढून काढते.
दर भाकरीला कमरेतून खाली जायचं,
तोंड धगीत, पाय बर्फात.
आणि आज ओटीपोटात कुणीतरी
पिळून झालेला पंचा
पिळतच होतं.

सिरानुशने तव्यात जाडं मीठ टाकलं.
"तडतड थांबेपर्यंत हलवायचं.
आधी उतरवलंस तर घाम सोडतं."
खिळ्यावरचा लोकरीचा मोजा काढला,
पुरुषाचा, टाचेला रफू केलेला,
मीठ ओतलं, गाठ मारली,
बाळाचं दूध पाहावं तसा मनगटाला लावून पाहिला
आणि माझ्या स्वेटरखाली सरकवला.

दुखणं गेलं, असं नाही सांगणार.
उभं होतं, ते बसलं.

मग झाबेलने थर्मास उघडला:
अरागात्सच्या उतारावरचं रानथाइम,
ऑगस्टात तोडलेलं, सासूने कोठीत उलटं टांगलेलं.
चव कडू, थोडी साबणाची.
अर्पेनिक माझे तळवे चोळायला बसली,
चोळता चोळता स्वतःच्या सासूचा उद्धार.
"गोळी पण घे गं," म्हणाली,
"मीठ काही रुसत नाही."

आईने यातलं काही सांगितलं नव्हतं.
ती क्रास्नोदारला हॉटेलच्या चादरी धुते,
फोनवर म्हणते, होईल बरं.
आमचं घर म्हणजे लोखंडी डबा,
आजीच्या काळात तात्पुरता म्हणून मिळालेला.
आत बाबा, दोन भाऊ, मध्ये एक पडदा.
तिथे दुखायला जागा नसते.

दारामागे कोळशाच्या रेघा आहेत.
मला वाटायचं उधारीचा हिशेब,
कुणाच्या किती भाकऱ्या.
आज आडवी पडून पहिल्यांदा नीट वाचल्या.
तीन रांगा, आणि सगळ्यात वर एक पुसट काळा डाग.
मधल्या रांगेला माझ्या नावातला न.
अठ्ठावीस रेघांचा गठ्ठा, मग सत्तावीसचा,
मग एकतीस (बाबा इस्पितळात होते तो डिसेंबर),
आणि शेवटी, कालपर्यंत, सव्वीस.

"हे तू कधीपासून?"
सिरानुश कणीक तोडत होती.
"माझी रांग बंद झाली तेव्हापासून. सातवं वर्ष.
हाताला सवय असते. कुणाचं तरी मोजावं लागतं."
आणि मोजा?
"त्याचाच," म्हणाली. "त्याचे पाय कायम गार."
तो कधी गेला ते मी विचारलं नाही.

पाच वाजले. मीठ अजून ऊबदार होतं.
मी उठले, उशी उचलली, पहिली भाकरी वाकडी थापली.
वर येताना नजर पुन्हा दाराकडे गेली.
झाबेलची रांग.
एकोणतीस, तीस,
आणि मग एक लांबच लांब, गठ्ठा न बांधलेली,
चाळिसाच्या पुढे मी मोजणं सोडलं.

खिळ्यावर जोडीतला दुसरा मोजा रिकामा लोंबत होता.
झाबेलच्या कपात काढा नव्हता. नुसतं गरम पाणी.
ती पिठाचं नवं पोतं ओढायला उठली
तशी सिरानुशने "सर" म्हणून
तिला खांद्याने बाजूला केलं
आणि ते पोतं, पन्नास किलोचं,
एकटीने कण्हत ओढत आणलं.

अर्पेनिकची सासू अजून संपली नव्हती.